गोवर्धनाखालची माणसं

यमुनाबाईंना कृष्ण नको होता, डोंगर हवा होता. पण चित्रात उचललेला डोंगर कृष्णासकटच मिळतो, म्हणून त्यांनी दोन्ही सांगितले.

हिंजवडीची जमीन इमारतीला दिली. तळघराचा खड्डा खणताना कडेची माती ढासळली आणि खाली नेमका त्यांचाच तेजस उभा. मरावं तर आपल्या मातीत, असं लोक म्हणतात. तेजसने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

पोराच्या फोटोला यमुनाबाईंनी अजून हार घालू दिला नव्हता. त्यांचे यजमान उत्तरेश्वर रोज हार आणत. त्या तो रोज म्हशीला घालत. म्हशीची काही तक्रार नव्हती.

स्वारगेटजवळ राहणाऱ्या चित्रकार तनुजाने तळहाताएवढं चित्र काढलं: करंगळीवर गोवर्धन आणि त्याखाली सगळं घर गोप-गोपी होऊन उभं. फोटो यमुनाबाईंनीच दिले होते. त्यातलं कोण गेलंय, ते सांगितलं नव्हतं.

चित्र घ्यायला दोघं आले. उत्तरेश्वर बघतच राहिले. "आगं पोरी, सगळ्यांना मारलंस की!"

"काका, गोपांच्या गळ्यात वनमाळा असतातच. जुनी रीत आहे."

"आमच्यात हार पडला की माणूस भितीवर जातो. मी हाय अजून."

"दिसतंय."

"आन् तेजसला का न्हाई?"

चित्रातला तेजस दोन्ही हातांनी काठी लावून डोंगराला टेकू देत होता. "हात गळ्यापुढून वर गेलेत ना त्यांचे. हाराला जागाच उरली नाही. का हो?"

"त्योच गेलाय."

तनुजा वरमली. "सॉरी, काका. तुमचे सगळ्यांचे पुसते, त्यांना घालते."

"घाल."

"हात लावू नगंस," यमुनाबाई म्हणाल्या. "आमचे ऱ्हाऊ दे."

"आगं, घरी येणारा सुतक धरील!"

"धरू द्या. आपलं काय येगळं चाललंय?"

त्यांनी चित्र नाकाशी धरलं. काठीचं टोक आणि डोंगर यांत केसाएवढी फट होती.

"हे टेकलं न्हाई."

"काकू, डोंगर कृष्णाने धरलाय. काठ्या आपल्या नुसत्या भक्तीच्या."

"धरलाय खरा. पर त्याचं ध्यान बासरीकडं दिसतंय. टेकव तू."

तनुजाने खारीच्या केसांचा ब्रश ओला केला आणि फट बुजवली.

"जाड कर जरा."

तिने काठी जाड केली. उत्तरेश्वर बराच वेळ चित्रातल्या स्वतःकडे बघत होते. तिथे ते हात जोडून उभे होते, तेजसच्या शेजारीच.

"मला बी दे एक काठी," ते म्हणाले. "नुसताच उभा हाय मी तितं."