माझ्याभोवतीचे फेरे

आंब्याच्या पेटीच्या फळ्या.

मोडीत निघालेल्या दुकानाच्या पाटीचा तुकडा. त्यावर ‘मिरची’ एवढंच उरलंय.

खिडकीची जाळी.

मांजरीच्या नखांचे ओरखडे. त्यांच्या खाली कुत्र्याच्या दातांचे व्रण.

एक पांढरं पीस.

मित्रांनो, यातल्या कशाचंच कशाशी नातं नाही असं तुम्हाला वाटेल. पण हे सगळं एकत्र ठोकलं की मी होतो. चिंचपोकळीतल्या एका चाळीच्या मागे, अंगणाच्या चिंचोळ्या पट्टीत उभा असलेला जुना खुराडा.

मला आनंदाकाकांनी बनवलं. ते आता नाहीत, त्यांचे खिळे आहेत. त्यांची बायको सुभद्राकाकू आणि मुलगी जुई माझी काळजी घेतात. माझ्या पोटात कोंबड्या झोपतात. रात्री त्या पिसं फुगवून एकमेकींना चिकटतात, तेव्हा माझ्या फळ्या ऊबदार होतात. एवढं सुख किती लाकडांना मिळतं?

आधी आली मांजर, चिंगी. पिल्लू होती. सुभद्राकाकूंच्या कोकणातल्या गावाची एक रीत आहे. नवं जनावर घरी आणलं की त्याला चुलीभोवती फिरवायचं, म्हणजे ते घर सोडून जात नाही. पण चाळीत चूल कुठली? गॅसची शेगडी भिंतीला टेकलेली, तिच्याभोवती फिरणार कसं? मग काकूंनी चिंगीला पदरात घेतलं आणि माझ्याभोवती फेरे घातले. त्याच दिवशी चिंगीने माझ्या दारातून नाक आत घातलं. आत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने त्या नाकावर अशी चोच मारली की चिंगी आयुष्यभराचं शिकली. तेव्हापासून ती उंदरांकडे बघते, कोंबड्यांकडे नाही.

मग आला बॉबी.

बॉबी टेरियर आहे. बिळातल्या उंदरांमागे धावण्यासाठीच माणसांनी ही जात वाढवली. लोअर परळच्या ऑफिसातली जुईची मैत्रीण परदेशी गेली आणि बॉबी मागे राहिला.

“अगो, ह्येका हंय कशाक हाडलंस?” काकू दारातच थबकल्या. “हंय कोंबये आसत!”

“आई, त्याला कोणीच घेत नाहीये गं. आपण नाही म्हटलं तर तो रस्त्यावर.”

“कोंबयेक तोंड लायल्यान तर ह्यो हंय रवाचो नाय. सांगान ठेवतंय.”

कोंबडीला तोंड लावलं तर राहायचा नाही, एवढं बजावून काकूंनी पट्टा हातात घेतला आणि बॉबीलाही माझ्याभोवती फिरवलं. पट्टा लांब धरला होता.

शेजारचे गंगाधर गॅलरीतून बघत होते. “वहिनी, कोल्ह्याला खुराडा दाखवताय की काय?”

“कोल्हो तुमीच, भाऊजी. खाली येवा, तुमकाय फिरवतंय.”

खरं सांगतो मित्रांनो, मलाही भीती वाटली. कोंबडी पंख फडफडवी आणि बॉबीचं सगळं अंग तारेसारखं ताठ होई. त्याने माझा पाय चावला तो तेव्हाच. पण काकूंनी घाई केली नाही. त्याला माझ्या पायाला बांधायचं, समोर कोंबड्यांना दाणे टाकायचे, त्यांचं पोट भरल्यावरच त्याला भाकरी. रोज हेच. तो उठला की काकू म्हणत, “बस.” तो बसला की चिंगी त्याच्या पुढ्यात येऊन अंग चाटत बसे, जणू घरातली थोरली तीच.

आणि एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजी जिन्यात पडल्या. काकू बॉबीला मोकळं करत होत्या. हाक ऐकून तशाच धावल्या, गंगाधरही धावले, आजींना घेऊन सगळे दवाखान्यात गेले. जुई ऑफिसात. बॉबी सुटलेला आणि माझ्या दाराची कडी उघडीच राहिलेली.

कोंबड्या बाहेर आल्या. त्यांची पिल्लंही आली.

एक पिल्लू थेट बॉबीच्या पायांत गेलं. बॉबीची मान खाली आली. मी ओरडू शकत नाही. मला हात नाहीत. मी नुसता उभा होतो.

चिंगीने पंजा उगारला. बॉबीने पिल्लाचा वास घेतला, शिंकला, आणि बाजूला झाला.

संध्याकाळी काकू धापा टाकत आल्या. मागून गंगाधर. “कडी उघडी, वहिनी. आता पिसंच गोळा करायची.”

कोंबड्या माझ्या आत होत्या, पिल्लं आईच्या पंखांखाली. बॉबी माझ्या दारात आडवा पडला होता. गंगाधर वाकले तसा तो गुरगुरला.

“अहो, हा मलाच आत बघू देईना!”

काकू खाली बसल्या. मग बॉबीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “रव रे बाबा. हंयच रव.”

आता अंडी न्यायला आले की गंगाधर आधी बॉबीला बिस्किट देतात. बॉबी असा बदलला तो फेऱ्यांमुळे, उशिरा मिळणाऱ्या भाकरीमुळे की चिंगीमुळे, मला ठाऊक नाही. मी तिघांचाही ऋणी आहे. मित्रांनो, तुमच्या अंगणात मांजर, कुत्रा आणि कोंबडी एकत्र नांदवायची असतील तर त्यांना वेळ द्या. आणि कितीही विश्वास बसला तरी कडी लावा. त्या दिवशी आमचं नशीब चांगलं होतं.

आणि हो, पट्टा लांब का धरला होता ते सांगायचं राहिलं: सुभद्राकाकूंच्या पोटरीवर कुत्रा चावल्याचा मोठा वण आहे, त्या शाळेत होत्या तेव्हाचा.