सहीवरचा कापूस

मी एक जुनी लॅमिनेशनची मशीन आहे, मित्रांनो. पांढरकवड्याच्या कोर्टासमोर वच्छलाबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे माझा मुक्काम. नवी होते तेव्हा काय माझा तोरा! लोक गुणपत्रिका, दाखले छातीशी धरून यायचे. माझे रूळ तापले की कागद प्लास्टिकमध्ये बसून कडक बाहेर पडायचा. कागद जपावा तर मीच, असा माझा समज होता. तो तोरा कसा उतरला, ते ऐका.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, उकंडाजी कामाला होते. दोन्ही लेकरांचे सगळे दाखले त्यांनी माझ्याकडूनच करून घेतले. दोन हजार चारच्या हंगामात एकदा ते पाळी संपवून तसेच आले. बाह्यांवर, भुवयांवर कापूस. हातात मृत्युपत्र. बायको रुखमाबाई जिवंत आहे तोवर घर तिचं, मग मुलगी प्रियंका आणि मुलगा संघदीप यांना अर्धंअर्धं. आणि हे सगळं पार पाडायचं प्रियंकाने. वच्छलाबाई रागावल्या, आधी अंग झटका म्हणाल्या. त्यांनी हसत झटकलं. तरी कापसाचा एक पुंजका आत गेलाच, नेमका सहीवर. माझ्या कामात खोट राहिली! मी आठवडाभर फुगून होते.

पुढे कापसाचे भाव पडले, जिनिंगला कुलूप लागलं. वर्षभराने, भर उन्हाळ्यात, उकंडाजी गेले.

घर हायवेला लागून. संघदीपने गिऱ्हाईक आणलं आणि आईला आपल्या भाड्याच्या खोलीत न्यायचं ठरवलं. रुखमाबाई उंबरा सोडायला तयार नव्हत्या. मग प्रियंकाने पदर खोचला. मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी घेता येते, तिला प्रोबेट म्हणतात, हे ती विचारून विचारून शिकली. वकील लावला नाही. केळापूरहून यायची, मृत्यूचा दाखला, मिळकतीची यादी, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेल्या ट्रकवाल्या गुलाबसिंगचं शपथपत्र, एकेका कागदाची झेरॉक्स काढायची आणि समोर पळायची. पोरगी हिमतीची हो!

पण संघदीपने हरकत घेतली. सही बाबांची नाहीच, बाबा गेल्यावर बहिणीने खोटी करून वर प्लास्टिक चढवलं, असं तो म्हणाला. कचेरीतल्या बाबूने कागद उलटसुलट केला. प्लास्टिकखाली शाई तपासता येत नाही, काढता येत असेल तर चारच्या आत काढून आणा, आज शेवटचा दिवस आहे, असं त्याने सांगितलं.

तीन वाजता दोघं माझ्यासमोर उभी. कागद उकंडाजींनीच आणला होता, हे वच्छलाबाईंनी परोपरीने सांगितलं. संघदीपला वाटलं, बाई बहिणीच्या बाजूने बोलतात.

"शाई निंगून येईन बरं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग मले बोल लावू नोका."

प्रियंका म्हणाली, "काढा. आईले घराबाहेर काढण्यापरीस हे बरं."

प्लास्टिक सैल व्हावं म्हणून मला तापवलं, तो कागद पुन्हा माझ्यातून काढला. मग वच्छलाबाईंनी कोपऱ्यात ब्लेड घातलं. प्लास्टिक उचललं, आणि तारखेतला एक आकडा त्याला चिकटून वर आला. प्रियंकाने डोळे मिटले. आता सहीची पाळी. मित्रांनो, मला माझीच लाज वाटत होती. एवढं काय घट्ट धरून ठेवायचं?

संघदीप सही नीट बघायला वाकला. त्याचं बोट त्या पुंजक्यावर थांबलं. त्याने नखाने खरवडून पाहिलं. पुंजका आतून होता. लहानपणी हा पोरगा रोज संध्याकाळी बापाच्या मांडीवर बसून त्याच्या भुवयांमधला कापूस वेचायचा. उकंडाजीच तसं कौतुकाने सांगायचे.

"थांबा मावशी," तो म्हणाला. "बाबा गेले तवा जिनिंग बंद होऊन वरीस झालं होतं. हा कापूस तवाचा नाई." मग त्याने बहिणीकडे पाहिलं. "हे बाबानंच आणलं, ताई. मी चुकलो."

तो स्टुलावर बसून रडला. खरं सांगते, मला बरं वाटलं. मग त्याने कोरा कागद मागून हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं, आणि चारला दहा कमी असताना दोघं रस्ता ओलांडून पळाली. पुढे आणखी तारखा पडल्या, गुलाबसिंग ट्रक बाजूला लावून साक्ष देऊन गेला, आणि एकदाची मंजुरी मिळाली.

रुखमाबाई आपल्या घरातच आहेत. मंजुरीचा कागद प्रियंकाने सवयीने माझ्याकडे सरकवला होता. संघदीपने तिचा हात धरून तिला थांबवलं.

मित्रांनो, मूळ कागद माझ्या तोंडी देऊ नका. साध्या पिशवीत ठेवा. आणि बापाच्या भुवयांतला कापूस वेचायला बसाल, तेव्हाच त्याच्या मनात काय आहे तेही विचारून घ्या.