बाथरूममधला तांबडा दिवा

बाबा गेले आणि भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो सापडेना. आकुर्डीच्या कंपनीत शिफ्ट करणारा माणूस, सुट्टीला अख्ख्या वस्तीचे फोटो काढायचा. पण कॅमेऱ्यामागे उभ्या राहणाऱ्याचा फोटो कोण काढणार? पुण्यानुमोदनाला लोक येणार आणि भिंत मोकळी. मला त्यांचा रागच आला.

शेवटी एक निगेटिव्ह हाती लागली. गच्चीत खुर्चीवर बसलेली आई, आणि तिच्या पायाशी कॅमेरा धरलेल्या बाबांची सावली.

"हाच लाव," आई म्हणाली. "सावली तर सावली. आहेत ना त्यात!"

मी बाबांचं सामान माळ्यावरून काढलं. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवला, तांबडा दिवा लावला, ट्रे मांडले. घरातला जुना नियमही परत आला: दार वाजवायचं आणि आतून "थांब" आलं की मुकाट थांबायचं, कारण उजेड शिरला की कागद काळा पडतो. या नियमापायी लहानपणी मी कितीदा पाय आवळून उभी राहिलेय!

पहिल्या प्रिंटमध्ये सावली आईच्या पायाशी होती. दुसऱ्यात गुडघ्यांवर. मी चाकणला क्वालिटीत आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा काढला. सावलीचा हात आईच्या खांद्यावर होता.

मी घाबरले. आई मात्र प्रिंटवरून बोट फिरवत हसली. "अजून एक काढ ना गं."

"बास झालं! मी स्कॅनर आणते."

चिंचवडच्या दुकानातला प्रितम म्हणाला, "ताई, ऑफिसातला साधा स्कॅनर नको. निगेटिव्हमधून उजेड आरपार जायला लागतो. झाकणात दिवा असलेला घ्या." त्याने तिथेच निगेटिव्ह लावून दाखवली. स्क्रीनवर सावली आईच्या पायाशी, जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आले तर बाथरूमचं दार लोटलेलं, फटीतून तांबडा उजेड. आईला हे सगळं काम येत होतं. बाबांचे ट्रे तीच हलवायची. मी दार वाजवलं.

"थांब," आतून आवाज आला.

मी थांबले. दोघींचा चहा ठेवला. चहा उकळायला लागला तेव्हा लक्षात आलं. आईचा आवाज एवढा भरदार कधीच नव्हता.

दार ढकललं. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. हाक मारली, हलवलं, तर मान कलंडली. ट्रेमध्ये एक कागद तरंगत होता. त्यात गच्चीवरची खुर्ची रिकामी होती आणि फरशीवर दोन सावल्या होत्या, एकमेकींना खेटून. निगेटिव्ह तर माझ्या पर्समध्ये होती.

तोच फोटो भिंतीवर लावलाय. दोघांना एकच पुरला.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या. तेवढा वेळ मी दाराबाहेर होते, बाबांचं ऐकून.