पाहुण्याची फट

बाबांना सगळे 'फटवाले' म्हणत. घरातली ऊब कुठून निसटते ते शोधायचं आणि ती वाट बुजवायची, हा त्यांचा धंदा. हत्यारं मोजकीच: फटीत भरायची लांबी, रबराच्या पट्ट्या, पटाशी आणि एक लाल रेशमी दोरा. दोरा खिडकीच्या कडेशी धरून ते श्वास रोखत. तो हलला की म्हणत, "हा बघ चोर!" आणि तिथे पेन्सिलीने 'चो' लिहीत. आपल्या जुन्या व्हॅनच्या दारांनाही त्यांनी असं रबर बसवलं होतं की आत बसल्यावर सगळं जग बाहेर राहायचं.

त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. थंडी वाढत होती, आणि आई माझ्याकडे राहायला यायला तयार नव्हती. परवा मला निघायचं होतं. निदान या घरात तिला एकटीला ऊब पुरावी, एवढं तरी मला करायचं होतं.

कारण आमचंच घर फटींनी भरलेलं होतं.

"दिव्याखाली अंधार," आई म्हणाली. "लोकांच्या खिडक्या लिंपण्यात जन्म गेला. घरच्या खिडकीचं नाव काढलं की रुसायचे. फट म्हणता ब्रह्महत्या!"

दीड महिन्यात पहिल्यांदाच आम्ही दोघी हसलो.

खुणा मात्र त्यांनी घरभर करून ठेवल्या होत्या. त्यांच्या अक्षरामागून मी खोल्याखोल्यांतून फिरले. 'चो' दिसला की लांबी भरायची आणि अंगठ्याने सपाट करायची. खोली तापवायच्या गॅसच्या शेगडीमागे, जमिनीलगत, बांगडीएवढं गोल भोक होतं. त्यावर मात्र 'पा' लिहिलं होतं.

पाहायचं राहिलंय, असं असेल. दोरा धरला तर तो खोलीत जवळजवळ आडवाच झाला. केवढा हा चोर! मी चिंध्या कोंबल्या, वरून लांबी लावली. बाबांचं राहिलेलं काम पुरं केल्यासारखं वाटलं. मग शेगडी जागेवर सरकवून पेटवली आणि आईच्या पायाशी बसले. आई खुर्चीत पेंगत होती.

दुपार सावकाश पातळ होत गेली. पडद्यातून आलेलं ऊन चटईवर मांजरासारखं पडलं होतं. खोली हळूहळू व्हॅन झाली. मी पुन्हा लहान होते, काचेपलीकडून झाडं आवाज न करता मागे जात होती. शेगडीची निळी ज्योत पिवळी झाली होती. मला ती जास्त मायाळू वाटली. बाबा खोलीच्या मधोमध उभे होते. हातात लाल दोरा, सरळ खाली लोंबणारा.

"हलतच नाहीये गं," ते काळजीने म्हणाले.

"सगळे चोर पकडले, बाबा."

"आणि पाहुणा?"

"हे आलेत," आई झोपेतच पुटपुटली. "दार उघड. पाहुणा बाहेर राहिला."

"कोण पाहुणा?" माझी जीभ जड झाली होती.

"शेगडीमागचा. बाहेर जातो तो चोर, आत येतो तो पाहुणा. त्याच्या जिवावर शेगडी जळते, म्हणायचे."

पा.

मी उठले तर पाय कापसाचे झालेले. शेगडी बंद केली, दार ढकललं, आईला काखेत धरून पायरीवर आणून बसवलं. गार वारा थोबाडीत बसावी तसा लागला. डोकं ठणकत होतं.

"आई, मी कोण? सांग बघू."

"का, तू विसरलीस?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

तेव्हा मी रडले. दीड महिन्याचं सगळं तिथेच, त्या पायरीवर. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना तपासलं. रात्री आम्ही शेगडीशिवाय, एका रजईत झोपलो. सकाळी मी पटाशीने लांबी उकरली. तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता. चिंध्या ओढून काढल्या. मिस्त्रीने शेगडी तपासली, पेटवली. ज्योत निळी होती.

बाकीचे चोर बुजलेलेच राहू दिले. फक्त त्या भोकाशी दोरा धरला. तो थरथरला आणि अलगद खोलीत झुकला.

आईने मागून पाहिलं आणि पदर सारखा केला.

"या," ती म्हणाली.