न घासलेला कोपरा

यशस्विनीच्या माहेरी पूर्वी कापड रंगवायचे. ज्यानं रंगवलं त्यानं तपासायचं नाही, असा घरचा रिवाज. दुसऱ्यानं कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासायचा. डाग उमटला नाही तरच गठ्ठा बाहेर. हाच रिवाज तिनं म्हैसूरच्या आपल्या सॉफ्टवेअर कंपनीत आणला. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचायचा, मगच तो गिऱ्हाइकाकडे. चुका कमी झाल्या, तिचं कौतुक झालं.

आणि परवा नव्यानं लागलेल्या तुंगाचा कोड तिनं न वाचताच ‘वाचला’ म्हणून पुढे ढकलला. घाई होती, पोरगी हुशार होती, झालं. कोडात चूक निघाली, आणि एका दवाखान्याच्या रुग्णांना चुकीच्या वेळांचे निरोप गेले. म्हातारी माणसं उन्हात ताटकळली. तुंगाची नोकरी अजून पक्की नव्हती. काल त्या दवाखान्याच्या लोकांसमोर ती एकटीच ऐकून घेत उभी राहिली. यशस्विनी शेजारीच होती. ‘मी वाचलाच नव्हता’ एवढं सांगायचं तिनं टाळलं.

सकाळी सरस्वतीपुरमच्या घरी वडिलांनी, अप्पांनी, कॉफी पुढे केली.

“तोंड का गं असं?”

“एक कोपरा घासायचा राहिला, अप्पा.”

“मग? रंग कुणाच्या अंगाला लागला?”

“एका पोरीच्या.”

“अय्यो,” म्हणाले, आणि आपली कॉफी ढवळत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बैठकीत अनंतकृष्ण साहेब नवा नियम घेऊन आले: यापुढे कोड दोघांनी वाचायचा.

“दोघं कशाला, सर? एकानं वाचला असता तरी पुरे होतं. तुंगाचा कोड मी वाचलाच नव्हता.”

टीममधला रक्षित चुळबुळला. “मॅडम, खरं सांगू? मी पण नुसतं ‘वाचला’ करतो. एवढ्या कामात वाचू कधी?”

कुणीतरी हसलं. मग एकेकाला कंठ फुटला. साहेबांनी नियम बाजूला ठेवला. दुपारचा वेळ फक्त वाचायला मोकळा ठरला. “आत्ता कुठं काही सुधारेल,” ते म्हणाले. “आणि तुंगा, तुझी नोकरी पक्की.”

जिन्यात यशस्विनीनं तुंगाला गाठलं.

“आता घरी फोन कर. चूक माझी होती म्हणून सांग.”

“सांगीन, अक्का. काल गावी, सरगूरला, आईला सांगून बसले, मला हे काम जमत नाही म्हणून.” ती थांबली. “मला स्वतःलाच खरं वाटलं होतं ते.”

चूक आपली होती हे तिकडेही सांगायला यशस्विनीनं तिथंच दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. तुंगा ऐकायला थांबली नाही. हळूहळू पायऱ्या उतरत गेली.