पेज नव्हे, पागे

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात राहणारे वेणीमाधव पागे हे इंग्रजीचे मास्तर. पागे हे आडनाव इंग्रजीत लिहायचं तर पी, ए, जी, ई ही चार अक्षरं पुरतात, आणि तिथंच घात होतो. एकदा तपासणीला आलेल्या गोऱ्या साहेबानं हजेरीपट उघडला, ‘मिस्टर पेज’ अशी हाक मारली आणि मास्तर जन्माचे पेज मास्तर झाले. पेज म्हणजे तांदळाची पातळ कांजी, आजाऱ्याला पाजतात ती. मास्तर अंगानंही तसे पातळच, त्यामुळं पोरांना फारसं डोकं चालवावं लागलं नाही. मास्तरांनी ते मनावर घेतलं नव्हतं. नावं ठेवणाऱ्यांची तोंडं धरायला कोण जातो?

शाळेखेरीज त्यांना आणखी एक उद्योग होता. पुण्याच्या एका कोशमंडळानं जगभरच्या नामांकित माणसांची त्रोटक चरित्रं मराठीत आणायचा विडा उचलला होता, आणि त्यातली काही इंग्रजी टिपणं भाषांतराला मास्तरांकडं यायची. सोलापुरातला मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली होती. त्या भाद्रपदात पुण्याहून जे पुडकं आलं ते अमेरिकेतल्या पुढाऱ्यांचं. एकाच आडनावाचे पाच जण, आणि आडनाव काय, तर पी, ए, जी, ई.

टिपणं तीन-तीन ओळींची. एमस हा शेतकऱ्याचा मुलगा, वकील झाला, आपल्या प्रांताच्या कायदेमंडळात बसला, तापानं गेला. सायलस न्यायाधीश होता, गव्हर्नर व्हायला उभा राहिला आणि सपाटून पडला. ल्यूथर आणि जोसाया असेच कुठल्या कुठल्या गावांचे नगराध्यक्ष. ऑर्विल निवडून आला खरा, पण सभागृहात जाऊन बसायच्या आधीच वाटेत वारला. आयुष्यं निरनिराळी, पण पाचांचाही शेवट एकाच ओळीनं व्हायचा : मूलबाळ नाही, कुठं पुरलं ते ठाऊक नाही. एवढी मतं पडलेली माणसं, आणि त्यांचं पुढं काय झालं याची चौकशी करायला कुणी उरलं नव्हतं. मास्तरांना ते वाचून उगीच वाईट वाटलं.

चूक झाली ती इथं. ही चार अक्षरं मास्तरांनी जन्मभर स्वतःच्या सहीत गिरवलेली. हात सवयीनं चालला आणि भाषांतराच्या पाचही चिठ्ठ्यांच्या डोक्यावर उमटलं : पागे एमस, पागे सायलस, पागे ल्यूथर. मास्तरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मराठी कानाला कसं लागतं ते पाहायला लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. ऐकायला समोर आई, मुक्ताबाई. एरवी तिला पुण्याच्या कोशाचं काडीचं कौतुक नव्हतं, पण अमेरिका म्हटलं की ती हातातली वात टाकून ऐकत बसे. त्याला कारण नंदू.

नंदू म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, सदानंद. बारा वर्षांपूर्वी घरात भांडून मुंबईला गेला. तिथून एक कार्ड आलं, की अमेरिकेच्या बोटीवर काम मिळालंय, काळजी करू नये. त्यानंतर अक्षर नाही. मागं राहिली त्याची बायको लीला, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. कपाळाला कुंकू लावून ती बारा वर्षं या घरात वावरत होती. मंगळागौरीला तिला सवाष्ण म्हणून बोलवावं की नको, हा शेजारणींचा दर श्रावणातला प्रश्न. ती आपण होऊनच कुठं जात नसे.

पितृपक्ष लागला तेव्हा गुरुजी येऊन सांगून गेले होते, की बारा वर्षं भरली, आता शास्त्राप्रमाणं दर्भाचा पुतळा करून दहन करा, म्हणजे जिवाला गती मिळेल. मुक्ताबाईनं त्यांना दक्षिणा दिली आणि दार दाखवलं. ज्याला मेलेलं कुणी पाहिलं नाही त्याला मी जाळणार नाही, असं ती म्हणाली. लीला आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला काय वाटतं ते तिला कुणी विचारलं नाही. मास्तरांना मात्र लीलाकडं बघवत नसे. नंदू असेल तर असो, नसेल तर नसो, पण काहीतरी एक कळू दे, एवढंच त्यांचं देवापाशी मागणं होतं. मग असं मागितल्याची त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

पाचही टिपणं वाचून झाल्यावर मुक्ताबाईनं विचारलं, की हे सगळे पागेच ना. मास्तर हसले. साहेबलोक आहेत, आई, त्यांचा आपला काय संबंध, असं त्यांनी सांगून पाहिलं.

“तू पागे म्हणून वाचलंस की आत्ता,” मुक्ताबाई म्हणाली. “पाचांतल्या एकालाही पाणी द्यायला कुणी नाही. परमुलखात गेलेली माणसं ती. तू तर्पण करतोसच, त्यात त्यांचाही घोट घाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा आटपून मास्तर तर्पणाला बसले. दक्षिणेला तोंड करून बाप, आजा, पणजा झाले. शेवटी ओल्या वस्त्राचं टोक जमिनीवर पिळायचं असतं. आमच्या कुळात जन्मून जे कोणी निपुत्रिक गेले, त्यांनी हे पिळलेलं पाणी घ्यावं, असा त्या मंत्राचा अर्थ. रोज मास्तर तो नुसता पुटपुटत. त्या दिवशी वस्त्र पिळताना ती पाच नावं आपोआप त्यांच्या ओठांवर आली. आणि पाचांच्या मागोमाग सहावंही येऊ लागलं, तेव्हा त्यांनी दातांखाली जीभ धरली. दारातून आई पाहत होती.

त्याच दुपारी स्वयंपाकघरातला हंडा रिकामा झाला.

पाणी भरणारी बजाबाई संध्याकाळी आली आणि लीलावर डाफरली. “म्या सकाळी काठोकाठ भरला व्हता की. तिघं मान्सं तुमी, मास्तरीणबाई पोरं घिऊन म्हायेरी अक्कलकोटला. यवडं पानी गेलं कुटं?” लीलानं हंडा उचलून दाखवला. कुठं गळत नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आडाला पाणी खोल गेलेलं, बजाबाईचे हात दुखायला आलेले. पाणी जायचं ते रात्री नाही. भर दुपारी, बारा ते दोनच्या मध्ये, बाहेर बोळात चिटपाखरू नसताना, पांढऱ्याफेक उन्हात.

चौथ्या दुपारी लीला पडवीत जागी होती. मास्तरांशी ती सहसा आपण होऊन बोलत नसे, पण त्या दिवशी पदर सावरून समोर आली आणि खालच्या आवाजात तिनं सांगितलं, की स्वयंपाकघरात कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं. आत डोकावलं तर कुणी नव्हतं, आणि हंड्यातलं पाणी हिंदकळत होतं.

मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच मागं फिरले. मुक्ताबाई मात्र जराही घाबरली नाही. तहानेले पाहुणे आलेत, त्यांनी हंड्याला तोंड लावायचं काय, आपल्या घराला काही रीत आहे की नाही, असं म्हणून तिनं माजघरात भिंतीच्या कडेनं पाच पाट मांडले, पुढं पाच पेले भरून ठेवले आणि दार ओढून घेतलं.

मास्तर ओसरीवर बसून राहिले. बाराचा भोंगा गिरणीकडून ऐकू आला. घरात आवाज असा नव्हताच, पण ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. सभा भरून अध्यक्षांची वाट पाहत मंडळी बसली की असते, तशी ती होती. कुणीतरी घसा साफ केल्यासारखं वाटलं. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या रामनाम घेतलं. दोन वाजता मुक्ताबाईनं दार उघडलं. पाचही पेले जागच्या जागी, सरळ उभे आणि कोरडे ठणठणीत. पाटांवर धूळ होती ती तशीच होती.

आणि तरीही संध्याकाळी हंड्यात पाणी अर्ध्याच्या खाली होतं. पाच पेल्यांनी हंडा असा उतरत नाही, हे मास्तरांना कळत होतं, पण त्यापुढं विचार करायची त्यांची छाती झाली नाही.

असे तीन दिवस गेले. मास्तरांचं अन्नपाणी तुटलं. वर्गात शिकवताना ते मध्येच थांबत, आणि मागच्या बाकावरून ‘पेज सांडली’ असं कुणी कुजबुजलं तरी त्यांना ऐकू येत नसे. तेवढ्यात पुण्याहून कार्ड आलं. मास्तरांनी नमुन्याला पाठवलेली चिठ्ठी वाचून संपादकांनी खोचकपणे लिहिलं होतं, की आपल्या घराण्याचा एवढा विस्तार आम्हांस ठाऊक नव्हता. आडनाव पागे नव्हे, पेज. कृपया सर्व चिठ्ठ्या दुरुस्त कराव्यात. मास्तर ते कार्ड हातात घेऊन खाली बसले. एवढंच होतं तर. ज्या अक्षरांनी दार उघडलं होतं त्यांनीच ते लावता येणार होतं.

त्यांनी दौत ओढली आणि एकेक पागे खोडून पेज लिहायला घेतलं. पेज एमस. पेज सायलस. लिहिताना त्यांना वाईट वाटत होतं. भर उन्हात दारी आलेल्याला पाणी देऊन मग तू आमचा कोण म्हणून विचारावं, तसला तो प्रकार. पण भीतीपुढं माणुसकी किती वेळ टिकते? ऑर्विलचं नाव खोडताना त्यांनी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. आईला त्यांनी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती, पितर परत जायचा दिवस. मुक्ताबाईनं खीर केली, वडे केले. मास्तरांनी तर्पण केलं आणि वस्त्र पिळताना तोंड घट्ट मिटून घेतलं. माजघरात पाच पाट मांडले गेले, पाच पेले भरले गेले. दार ओढलं. भोंगा झाला. मास्तर कान देऊन बसले, आणि त्या दिवशी घर खरोखरच रिकामं वाटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दोन वाजता मुक्ताबाईनं दार उघडलं. पाचही पेले काठोकाठ भरलेले होते. मास्तर ते उचलायला पुढं झाले, पण मध्येच थांबले, कारण आई पेल्यांकडं बघतच नव्हती.

ओळीच्या शेवटी, जिथं पाट नव्हता तिथं, नुसत्या फरशीवर एक सहावा पेला होता. काठाला पोचा आलेला, पितळेचा, पालथा घातलेला. पेला नंदूचा. बारा वर्षं तो फडताळात सर्वांत वर होता. मुक्ताबाई तो दर शुक्रवारी चिंचेनं घासायची आणि परत तिथंच ठेवायची. त्यातून कुणी पाणी प्यायलं नव्हतं. आणि पाणी पिऊन झालं की पेला पालथा घालायची खोड या घरात एकट्या नंदूलाच होती. पालथं घालू नकोस रे, घरात पाणी राहत नाही, म्हणून आईनं त्याला किती वेळा चापटी मारली होती.

मुक्ताबाई खाली बसली. तिनं पेला उचलला. खाली फरशीवर ओलं कडं होतं, आत्ताच प्यायल्यासारखं.

“म्हणजे तो रोज येत होता,” ती म्हणाली. “मी पाच जणांना पाट मांडले, आणि माझं पोर हंड्याला तोंड लावून पीत होतं.”

मुक्ताबाई पेला सरळ करून त्यातच पाहत राहिली. बोटीवर सगळीकडं पाणीच असतं म्हणे आणि त्यातलं पिता येत नाही, असं ती पुटपुटली. रडली नाही. एवढ्यात लीला पुढं आली. तिनं वाकून त्या ओल्या कड्यावर बोट टेकवलं आणि ते बोट कपाळावरच्या कुंकवाकडं नेलं.

मुक्ताबाईनं तिचा हात धरला.

“आज राहू दे, पोरी,” ती म्हणाली. “तो आत्ताच घरी आलाय.”

लीलाचा हात तसाच सासूच्या हातात राहिला. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या. बाहेर ऊन रखरखत होतं. मुक्ताबाईनं मास्तरांकडं न बघताच सांगितलं, की पंचपात्र आण, तीळ आण, आणि या खेपेला त्याचं नाव गिळू नकोस.

मास्तर उठले. दक्षिणेला तोंड करून बसले, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. ओंजळीत पाणी घेतल्यावर त्यांना ते दुरुस्त केलेले पाच पेज आठवले, आणि आता कुठल्या दारी उभे असतील ते, असं वाटून गेलं. मग त्यांनी गळा खाकरून गोत्र म्हटलं, भावाचं पूर्ण नाव घेतलं, सदानंद गोविंद पागे, आणि पाणी सोडलं.

त्या संध्याकाळी बजाबाई आली तेव्हा हंडा भरलेला होता.