हिरव्या कागदावरची पहिली ओळ

रविवारची दुपार बाईंची टाचणाची. टाचणवही उघडायची, पुढच्या आठवड्याचा एकेक तास मांडायचा आणि एकाच गणिताचे तीन कागद काढायचे. पिवळा पळणाऱ्यांना, पांढरा चालणाऱ्यांना आणि हिरवा, ज्यांना बोट धरून न्यायचं त्यांना. शाळेतल्या इतर बाई म्हणायच्या, एवढी उठाठेव हिला सांगितलीय कुणी? बाईंना ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला?

चौथीच्या वर्गात हिरवा कागद चौघांना मिळायचा. त्यातली एक बाईंची सख्खी भाची, धाकट्या भावाची थोरली. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. मागच्या वर्षी हेडसर तिला तिसरीतच ठेवायला निघाले होते. तसं झालं असतं तर पाठची बहीण तिच्याच बाकावर येऊन बसली असती. भावाचा चेहरा पडला, वहिनीने रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा बाईंनीच छातीठोकपणे सांगितलं, माझ्या वर्गात द्या, वर्षअखेरीला सगळ्यांबरोबर पेपर लिहील. हेडसर तयार झाले, पण बजावायला विसरले नाहीत की चौथीचा पेपर सगळ्यांना एकच असतो.

हिरव्या कागदावर भागाकाराची पहिली ओळ बाई स्वतः लिहून ठेवायच्या, पुढच्या आकड्यांसाठी चौकटी आखायच्या आणि शेजारी बसून कुठे काय लिहायचं ते बोटाने दाखवायच्या. दर आठवड्याला एक चौकट कमी करायची, शेवटी पहिली ओळही काढून घ्यायची, असं टाचणात स्वच्छ लिहिलेलं. पण कागद पूर्ण बरोबर आला की भाऊ तो फ्रीजच्या दारावर चिकटवायचा, आणि पोरगी अशी खुलायची की बाईंचा हात पुढे होईना. एकदाच एक चौकट कमी करून पाहिली, तर भिंगरी ढसाढसा रडली. मग टाचणात लिहिलं, पुढच्या आठवड्यापासून. त्या पुढच्या आठवड्यातही तेच लिहिलं. असं करता करता वर्ष सरलं. कागद तीन प्रकारचे असतात हे घरी सांगायचंही राहून गेलं. राहून कसलं गेलं, बाईंनी टाळलं.

पेपरच्या दिवशी भिंगरी नवी पेन्सिल घेऊन ऐटीत बसली. अर्ध्या तासाने बाई फेरी मारत तिच्यापाशी आल्या, तर कागद कोरा. पेन्सिल हातात धरून ती बाईंचीच वाट बघत होती. शाळेत आत्या म्हणायचं नाही, हा नियम तिने वर्षभर पाळला होता. आज मोडला.

"आत्या, पहिली ओळ लिही ना. पुढचं मी करते."

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं आणि त्या पुढे सरकल्या. भिंगरीची धाकटी बहीण आता तिसरीतून चौथीत येणार होती. तो दोघींचा बाक त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

फाटकाशी वहिनी धाकटीला घेऊन उभी होती. पेपर कसा गेला म्हणून विचारल्यावर भिंगरीने बिनदिक्कत सांगून टाकलं, आत्या माझा हिरवा कागद आणायलाच विसरली. वहिनीला काही उमगेना. बाई तिच्यासोबत घरी गेल्या आणि स्वतःला कुठेही पाठीशी न घालता सगळं सांगितलं. वहिनी उठली आणि फ्रीजवरचा एक कागद काढून घेऊन आली. त्यावर बाईंच्याच लाल पेनाने दहापैकी दहा लिहिलेले होते.

"ताई, ह्यात तिचं किती आणि तुमचं किती?"

भिंगरीच पुढे झाली. आपल्याला येणारं काहीतरी विचारलंय, ह्याचा तिला कोण आनंद. एकेका जागी बोट ठेवत ती सांगू लागली.

"पहिली ओळ आत्याची. ह्या चौकटी पण आत्याच्या. आकडे मी लिहिले, आत्या दाखवेल तिथे." मग तिचं बोट कागदाच्या वरच्या कोपऱ्यात गेलं. "नाव मात्र मी एकटीने लिहिलंय."

वहिनीने कागदाची घडी केली आणि बाईंच्या हातात दिली.